पाणी नावाची फाइल

शनिवार, दिनांक १६ एप्रिल २०१६ रोजी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, बीड बायपासलगतच्या एका गृहनिर्माण संस्थेच्या कार्यालयात, मुंजाबा नावाच्या व्हॉल्व्हमनने संगणकावर इंग्रजी चार अक्षरांत 'पाणी' असे लिहून एन्टरची कळ दाबली. संगणक एकदा टुण्ण वाजला. पडद्यावरचा बाण नाहीसा झाला आणि त्याच्या जागी अधिकाचे चिन्ह आले. कोणत्या इमारतीला किती मिनिटे पाणी सोडायचे, हे संगणकाने सांगितले नाही. आदल्या दिवशी त्याच माणसाने, त्याच बोटाने, तीच चार अक्षरे लिहिली, तेव्हा सांगितले होते.

हे वृत्त मुंजाबानेच 'डी' इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, प्राध्यापक खंडेराव वाकळे यांच्या दारात येऊन दिले.

"सर, कम्पुटरवर फुली आली."

"फुली की अधिक?"

"तिरपी नाय. सरळ उभी हाय, दवाखान्याच्या पाटीवर असती तशी."

"मग ते अधिक."

"आसंल. पन पानी कुनाला सोडू, ते सांगंना."

खंडेराव गंगापूरच्या महाविद्यालयात अठ्ठावीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. रोज एसटीने जाऊन-येऊन शिकवल्यामुळे वेळापत्रकावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. मोजमापावर मात्र होता. 'पाणी' ही फाइल त्यांनीच लिहिली होती, आणि ती का लिहावी लागली हे संस्थेत सर्वांना माहीत होते. शहर बायपास ओलांडून पलीकडे पसरले होते, परंतु महापालिकेची जलवाहिनी अजून अलीकडेच विचार करीत थांबली होती. दुष्काळाचे ते लागोपाठ दुसरे वर्ष. दिवसाला दोन टँकर येत, त्यांचे पाणी एका भूमिगत टाकीत पडे आणि तेथून चार व्हॉल्व्हमधून चार इमारतींना जाई. कोणाला किती, हे संस्थेचे सचिव बद्रीनाथ काकडे यांच्या चिठ्ठीवर ठरे. काकडे तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते आणि 'ए' इमारतीत राहत होते. त्यांच्या चिठ्ठीत वर्णमालेला मान होता. प्रथम 'ए', नंतर 'बी', नंतर 'सी', आणि टाकीच्या तळाशी गाळाव्यतिरिक्त काही उरल्यास 'डी'.

खंडेरावांनी वार्षिक सभेत असे मांडले की टँकरची नोंदवही, इमारतीतील कुटुंबांची संख्या आणि कालचे वाटप, एवढे दिले तर संगणक आजची मिनिटे काढून देईल. यंत्राला शेजारी नसतात. हे वाक्य सभेला आवडले. परंतु 'ए' इमारतीने एक शर्त घातली: वाकळे सर 'डी'त राहतात, म्हणून फाइल सरांनी चालवायची नाही, मुंजाबाने चालवायची. ज्या दिवशी मुंजाबाच्या हाताने चालणार नाही, त्या दिवशी काकड्यांची चिठ्ठी. दोन आठवडे पाहू, आणि चोवीस तारखेच्या रविवारी सभा कायमचे ठरवील.

येथे तांत्रिक बाब थोडक्यात सांगणे भाग आहे. अशी फाइल दोन प्रकारे चालवता येते. एक म्हणजे, ती ज्या भाषेत लिहिली आहे त्या भाषेच्या दुभाष्याचे नाव आधी लिहायचे आणि मग फाइलचे. दुसरा प्रकार म्हणजे नुसते फाइलचे नाव लिहायचे आणि दुभाष्याचा शोध संगणकावर सोडायचा. मुंजाबाला पहिला प्रकार तीन दिवस शिकवून पाहिला. त्याच्या बोटाने व्हॉल्व्हचे गंजलेले चाक फिरत असे, पण त्याच बोटाखाली कळफलकाच्या दोन कळा एकदम दबत. दुभाष्याचे नाव लांबलचक होते. मुंजाबाने ते एकदा सात प्रकारे लिहिले आणि सातही वेळा संगणकाने असा कोणी इथे राहत नाही असे कळवले.

"सर, हा मधला माणूस काढा की," मुंजाबा म्हणाला. "आमच्याकडं मेंढरं विकताना बी आधी दलालाला काढत्यात."

दलालाला काढायचे म्हणून खंडेरावांनी फाइल थेट नावाने चालेल अशी व्यवस्था करायला घेतली. अकरा तारखेला, सोमवारी, पहिला प्रयोग झाला. कार्यालयात आठ-दहा मंडळी जमली होती. मुंजाबाने चार अक्षरे लिहिली आणि पडद्यावर इंग्रजीत उत्तर आले: परवानगी नाकारली.

ही मामुली गोष्ट होती. फाइल चालवण्याजोगी आहे असा शेरा तिच्यावर मारायचा राहिला होता. खंडेरावांनी एका ओळीच्या आज्ञेने तो मारला आणि फाइल चालली. परंतु तोवर पडद्यावरचे शब्द आठ-दहा मंडळींनी वाचले होते, आणि दुपारपर्यंत चारही इमारतींत असे पसरले की काकड्यांनी परवानगी नाकारली.

काकडे संध्याकाळी स्वतः चौथ्या मजल्यावर आले. पायऱ्यांनी त्यांना धाप लागली होती, पण ती रागाची असावी असे त्यांनी भासवले.

"वाकळे सर, चौतीस वर्षं नोकरी केली. परवानगी नाकारायची तर आधी अर्ज पायजे. अर्जाला आवक क्रमांक पायजे. तुम्ही अर्जच दिला नाय, आन् नाकारली म्हणून आमची बदनामी."

"काकडे साहेब, ती परवानगी तुमची नव्हती. फाइलचीच होती."

"परवानगी देणारी फाइल कोन?" काकडे म्हणाले. "फाइलवर परवानगी आम्ही देत असतो."

खंडेरावांच्या पत्नी रत्नमालाबाई चहा घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अहो, द्या ना मग एक अर्ज. कागदच तर लागतो."

खंडेरावांनी, जी फाइल चालू आहे ती चालू करण्यास परवानगी मिळावी, असा अर्ज दिला. शुक्रवारी, पंधरा तारखेला संध्याकाळी, कार्यकारी समितीने तो एकमताने मंजूर केला. दुसऱ्या दिवशी सकाळी अधिकाचे चिन्ह आले.

खंडेराव खाली कार्यालयात पोचले तेव्हा चिन्ह तसेच होते. त्यांनी माउस हलवला, तर चिन्ह हलले. माउसची कळ दाबली, तर संगणक दोनदा वाजला, क्षणभर शांत राहिला आणि पुन्हा एकदा वाजला. पुन्हा अधिक. पुन्हा कळ, पुन्हा दोनदा टुण्ण. त्यानंतर पडद्यावर ओळ उमटली: पाचव्या ओळीत वाक्यरचना चुकली आहे.

हे खंडेरावांना लागले. संगणकाने त्यांना मूर्ख म्हटले असते तर त्यांनी पुरावा मागितला असता. परंतु ज्या माणसाने महाविद्यालयाच्या नियतकालिकाची मुद्रिते अठ्ठावीस वर्षे तपासली, त्याची वाक्यरचना चुकली म्हणणे हा वेगळा प्रकार होता. घरी येऊन त्यांनी आपल्या प्रतीतील पाचवी ओळ काढली. ती संगणकासाठी नव्हतीच. जाळीसारखे चिन्ह आधी टाकून माणसांसाठी लिहिलेली मराठी टीप होती: 'प्रत्येक इमारतीतील कुटुंबसंख्या येथे वाचून घ्यावी.'

"यात तुला काही चूक दिसते?" त्यांनी रत्नमालाबाईंना विचारले.

बाईंनी वाचले. "'घ्यावी' जरा हुकूम सोडल्यासारखं वाटतं. पण चूक नाही."

खंडेराव पुन्हा खाली गेले आणि त्यांनी फाइल पहिल्या प्रकारे, दुभाष्याचे नाव आधी लिहून चालवली. फाइल निमूटपणे चालली. 'डी' इमारतीला चोवीस मिनिटे. वाक्यरचनेबद्दल चकार शब्द नाही.

"हे बघा," काकडे दारात उभे होते, "सरांच्या हातानं चालतं, मुंजाबाच्या हातानं चालत नाय. आन् सरांच्या हातानं चालतं तेव्हा 'डी'ला चोवीस. मी काय म्हणत नाय. लोकं म्हणतील."

चिठ्ठी निघाली. 'डी'ला अकरा मिनिटे पाणी आले, त्यातली पहिली चार हवा होती.

तिसऱ्या मजल्यावरच्या द्वारकाबाई त्या दिवशी जिन्यात भेटल्या. त्यांची मुलगी सोनिया बाळंतपणासाठी माहेरी आली होती आणि दिवस भरत आले होते. द्वारकाबाईंच्या दोन्ही हातांत रिकाम्या बादल्या होत्या. त्या त्यांनी खाली ठेवल्या नाहीत.

"सर, सोमवार ते शुक्रवार तुमचं यंत्र देवासारखं चाललं. लेकीला म्हणलं, आता काय चिंता नाय, बाळाचे कपडे घरातच धुऊ. आज काय झालं?"

"कारण शोधतो आहे."

"शोधा बापा. पन रविवारच्या सभेच्या आधी शोधा. बाळ काय तुमच्या कारणासाठी थांबायचं नाय."

रविवारी आणि सोमवारी खंडेराव कारण शोधत होते आणि संस्था सल्ले देत होती. 'बी' इमारतीतले कडुबा आप्पा एसटीच्या कार्यशाळेत मेकॅनिक होते. त्यांच्या मते व्होल्टेज कमी पडत होते आणि संगणकाला आणखी वीज हवी होती, म्हणून तो अधिक दाखवत होता. एकाने माउस बदलून आणला. नव्या माउसने अधिकाचे चिन्ह अधिक सुबकपणे हलले. कोणी म्हणाले, मुंजाबाचे बोट ओले असते. मुंजाबाने बोट पुसून, राख लावून, पुन्हा पुसून तीच अक्षरे लिहिली, टुण्ण.

दरम्यान, संगणकात खंडेरावांनी न केलेल्या दोन फाइली सापडल्या. उघडल्यावर ती छायाचित्रे निघाली, संगणकाच्याच पडद्याची. त्यांपैकी एकात, शनिवारी सकाळी नऊ वाजून बत्तीस मिनिटांनी, पडद्यावरच्या मागच्या खिडकीत मांडलेला पत्त्यांचा डाव स्पष्ट दिसत होता.

"संगणक आपसूक खेळत असतो," काकडे म्हणाले. "त्यात आमचा काय संबंध?"

"या फाइलीला माझ्यानंतर कोणी हात लावला आहे का?" खंडेरावांनी विचारले.

"कुनाचीच टाप नाय. मंजूर झाली तशी मी ती दप्तरी लावली. दप्तरी लागलेल्या कागदाला कोन हात लावतो?"

मंगळवारी संध्याकाळी खंडेरावांनी घरची मूळ प्रत कार्यालयातल्या प्रतीच्या जागी ठेवली. मुंजाबाला बोलावून चार अक्षरे लिहायला लावली. फाइल चालली. मुंजाबाने पडदा नीट पाहून घेतला आणि म्हणाला, "गेली फुली." रत्नमालाबाईंनी रात्रीच्या जेवणात शिरा केला. बुधवारी सकाळी नऊ वाजता अधिकाचे चिन्ह परत आले.

बुधवारी संध्याकाळी पुन्हा मूळ प्रत; पुन्हा चालली. गुरुवारी सकाळी पुन्हा अधिक. अशा रीतीने प्रश्नाने नवेच रूप घेतले: फाइल संध्याकाळी चालते, सकाळी चालत नाही. हे ऐकताच सल्ल्यांना पालवी फुटली. कडुबा आप्पांचे म्हणणे, सकाळी सगळ्या मोटारी चालू असतात. द्वारकाबाईंचे म्हणणे, कार्यालयाची खिडकी पूर्वेला आहे, सकाळचे ऊन मागून त्या डब्याला लागते. माणसाचे डोके फिरते तर त्याचे का नाही. खंडेरावांनी यापैकी काहीही थट्टेवारी नेले नाही. त्यांनी खोलीत तापमापक टांगला, दर तासाला नोंद घेतली आणि आलेख काढला. सकाळी नवाला चौतीस अंश आणि संध्याकाळी सहाला एकोणचाळीस. म्हणजे उन्हाने बिघडत असती तर फाइल संध्याकाळी बिघडायला हवी होती. आलेख अतिशय स्वच्छ आला होता आणि त्याचा काहीही उपयोग नव्हता.

गुरुवारी 'डी'ला नऊ मिनिटे आली. शुक्रवारी द्वारकाबाई पुन्हा रिकाम्या बादल्या घेऊन जिना उतरताना दिसल्या.

"अहो," रत्नमालाबाई म्हणाल्या, "तीस वर्षं तुम्ही लोकांना सांगता, आधी दोन्ही वस्तू शेजारी ठेवून बघा, मग बोला. दोन्ही फाइली शेजारी ठेवून बघितल्या का?"

"दोन्ही एकच आहेत. मीच लिहिली आहे."

"पाहिल्या का, ते विचारलं."

पाहिल्या नव्हत्या. शनिवारी सकाळी, अधिकाचे चिन्ह आलेले असताना, खंडेरावांनी कार्यालयातली फाइल कागदावर छापून घेतली, घरची प्रत तिच्या शेजारी ठेवली आणि दोन्हींवर पेन्सिलीने ओळी मोजल्या. घरच्या प्रतीत अठ्ठावन्न. कार्यालयातल्या प्रतीत एकोणसाठ. संगणक ज्या पाचव्या ओळीची वाक्यरचना चुकली म्हणत होता, ती घरच्या प्रतीतली चौथी होती. जास्तीची ओळ सर्वांत वर होती:

# ॥ श्री ॥ ठराव क्र. ११, दि. १५/४/२०१६ अन्वये मंजूर.

ही ओळ त्यांनी आठवडाभरात पडद्यावर किमान दहा वेळा उघडलेली होती आणि एकदाही वाचली नव्हती. लग्नपत्रिका, वहीचे पहिले पान, सासऱ्यांची पत्रे, दुकानाची बिले. जन्मभर प्रत्येक कागदाच्या माथ्यावर 'श्री' असल्याने त्यांचा डोळा तेथे थांबतच नसे. तो थेट खाली उतरून वाचायला लागे.

काकड्यांना विचारले, तर त्यांनी काहीही लपवले नाही.

"मीच घातली. दप्तरी लावणं म्हणजे दुसरं काय? माथ्यावर श्री आन् ठराव क्रमांक नसलेला कागद माझ्या दप्तरात एक नाय. तुम्ही दोनदा तिथं दुसरा कागद आणून ठेवला, तर मी दोनदा पुन्हा लावला. आन् हे बघा, तुमच्या मराठी टिपांच्या आधी ती जाळी असती, ती बी घातली, म्हणजे तुमच्या यंत्राला तरास नको. आता याच्यापेक्षा जास्ती काळजी कोन घेतं?"

ही काळजी खरी होती आणि खंडेरावांना ती मान्य करावी लागली. जाळीमागची ओळ संगणक वाचत नाही, हे काकड्यांनी नुसते पाहून ओळखले होते. खंडेरावांच्या विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांना ते शिकवूनही कळले नसते.

रविवारी सभा भरली. खंडेरावांनी उभे राहून सांगितले की बिघाड पहिल्या ओळीमुळे झाला. काकडे लगेच उठले.

"म्हणजे इतिवृत्तात काय लिहू, सर? श्री लिहिल्यामुळं पानी बंद पडलं, आसं?"

सभेत कुजबूज झाली. 'ए' इमारतीतून कोणीतरी म्हणाले, "सरांचं पयल्यापासून तसंच हाय. देवाधर्माचं वावडं." खंडेराव अडचणीत सापडले. ते गेली तीस वर्षे जाहीरपणे सांगत आले होते की कागदावर श्री लिहिल्याने काही साधत नाही आणि काही बिघडतही नाही. आता बिघडले, असे त्यांनीच सभेत सांगितले होते. आणि जे बिघडवू शकते ते साधूही शकेल, असा युक्तिवाद समोरच्या चेहऱ्यांवर तयार होताना त्यांना दिसत होता.

"मी प्रयोग करून दाखवतो," ते म्हणाले. "मुंजाबा, ये."

संगणक सभेपुढे आणला गेला. खंडेरावांनी माथ्यावरचे श्री आणि ठराव काढून तेथे स्वतःचे नाव लिहिले. मुंजाबाने चार अक्षरे लिहिली. टुण्ण, अधिक. मग सचिवांचे नाव लिहिले. टुण्ण. काकड्यांना थोडे बरे वाटले. मग कोणाचेच नाव न लिहिता ती ओळ कोरी ठेवली. टुण्ण. मग ती ओळच काढून टाकली, आणि 'डी' इमारतीला सव्वीस मिनिटे आली. शेवटी श्री आणि ठराव क्रमांक दुसऱ्या ओळीत घातले. पुन्हा सव्वीस.

"म्हणजे श्रीचा दोष नाय," कडुबा आप्पा म्हणाले.

"नाही. माझा नाही, काकडे साहेबांचा नाही आणि रिकाम्या ओळीचाही नाही. तिथे काहीही बसले तरी हेच होते."

"मग दुसऱ्या ओळीत राहू द्या की," द्वारकाबाई म्हणाल्या.

"कसं राहू द्यायचं?" काकडे म्हणाले. "श्रीच्या वर कोन बसनार? सरांची ती जाळीवाली ओळ?"

हा पेच खरोखर अवघड होता, आणि त्यावर वीस मिनिटे चर्चा झाली. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या मुंजाबाला उन्हे चढण्याआधी व्हॉल्व्ह सोडायचा होता.

"काकडे साहेब," तो म्हणाला, "फाइलीतलं कोन बघतंय? मशिनीतून कागद निघतो, भिंतीला लागतो, तो लोकं वाचत्यात. त्याच्या डोक्यावर श्री येऊ द्या ना. तिथं वर कुनीच बसत नाय."

खंडेरावांनी फाइलीत एक ओळ वाढवली, जिच्यामुळे रोजच्या छापील कागदाच्या माथ्यावर श्री आणि ठराव क्रमांक आपोआप उमटू लागले. काकड्यांनी पहिला कागद हातात घेऊन तो दप्तरी लावला आणि 'पाणी' ही फाइल जशी आहे तशी ठेवावी असे स्वतःच सुचवले. सभेने ते कायम केले. मुंजाबा निघून गेला, आणि थोड्या वेळाने 'डी' इमारतीच्या गच्चीवरून टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला. द्वारकाबाई बादल्या न घेता उठल्या आणि सोनियाला सांगायला गेल्या.

इतिवृत्ताच्या पुस्तकात कारण काय लिहायचे, हे काकड्यांनी खंडेरावांनाच विचारून त्यांच्या शब्दांत लिहून घेतले. ते असे:

"फाइलचे नुसते नाव लिहिल्यास संगणक तिच्यातील अगदी पहिली दोन चिन्हे पाहतो. ती जाळी आणि उद्गारचिन्ह अशी असल्यास तो त्यांच्यापुढे लिहिलेल्या पत्त्यावरील दुभाष्याकडे फाइल देतो. नसल्यास, जिच्यात आपण आज्ञा लिहितो त्या काळ्या खिडकीत बसलेला मूळ दुभाषीच ती आपल्या परीने वाचू लागतो, आणि आमच्या फाइलमधील पत्त्याखालच्या दोन ओळी त्याच्या लेखी पडद्याचे छायाचित्र काढण्याचा हुकूम असतात, तर त्यापुढची ओळ त्याला चुकीची वाटते. म्हणून ते अधिकाचे चिन्ह आणि वाक्यरचनेची ती तक्रार. ठराव क्रमांक ११ ची ओळ वर घातल्यामुळे ती दोन चिन्हे पहिल्या ओळीतून दुसऱ्या ओळीत गेली. पत्त्यासाठी संगणक दुसरी ओळ पाहत नाही."